यादीत चौदा, सतरंजीवर पाच

मुंगण्याचं झाड आमचं, पण शेंगा सगळ्या मावशींच्या अंगणात लोंबतात. त्यामुळे आमच्या लेआउटमधली ही मधली भिंत म्हणजे भिंत कमी आणि ओटा जास्त. सकाळी धुणं वाळत घालताना आणि संध्याकाळी गॅसवर दूध ठेवून, ते उतू जाईपर्यंत, आम्ही दोघी तिथं उभ्या. परवा मावशींनी भिंतीवरून शेंगांची जुडी नाही, मोबाइल पुढे केला.

"हे पाय वं. नातीनं पाठवलं अमेरिकेतून. मले त काई समजून नाई राहिलं."

पाहिलं. लांबलचक टेबल, त्यावर गादी, गादीवर काळं मखमली कापड. मागे ओळीनं अकरा-बारा माणसं, सगळ्यांच्या हातात मोजे आणि प्रत्येकाकडे दोन-दोन चकचकीत घंटा. मावशींची नात डावीकडून तिसरी. ती बराच वेळ नुसतीच उभी होती. मग एकदम उजवा हात पुढे झाला, टण्ण झालं, घंटा छातीशी टेकली, आणि पुन्हा आपली उभी.

"आरतीची घंटा नाई ना थे?"

"नाही हो मावशी. एका घंटेत एकच सूर. सा ज्याच्याकडे त्यानं सा आला की हात हलवायचा, बाकी वेळ गप्प. आपल्या पेटीच्या पट्ट्या सुट्या करून एकेकीच्या हातात दिल्या असं समजा. बारा जण मिळून एक पेटी वाजवून राहिले."

"अन् मोजे काहून? थंडी असंन."

मोजे घामासाठी. घाम लागला की त्या धातूवर डाग पडतात. आपले टाळ काशाचे, त्या घंटाही त्याच जातीच्या, तांब्यात कथील घालून ओतलेल्या. आपल्या टाळांना मात्र कोणी मोजे घालून धरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आमचे टाळ वर्षभर गहू भरायच्या कोठीवर पडलेले असतात.

नातीनं सोबत बोलून पाठवलं होतं, ते आम्ही भिंतीला टेकून दोनदा ऐकलं. मूळ धंदा इंग्लंडातला. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा वाजवणारे लोक सरावासाठी घरात या हातघंटा घेऊन बसत. तिकडून त्या अमेरिकेत गेल्या. 1923 साली बॉस्टनमध्ये मार्गारेट शर्क्लिफ नावाच्या बाईंनी असं घंटामंडळ काढलं. ("बाईनंच काढलं ना? मले वाटलंच होतं," मावशी.) दोन सप्तकांच्या संचात 25 घंटा, तीन सप्तकांच्या 37, पाचाच्या 61. दोन सप्तकांना सात-आठ माणसं लागतात, तिनांना अकरा-बारा. धुनेच्या छापील कागदावर सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हिला कोणकोणत्या घंटा लागतील. म्हणजे धून आवडली म्हणून उचलली, असं तिथं चालतच नाही. आधी माणसं मोजायची, मग घंटा मोजायच्या, मग धून. आणि एक जण आला नाही तर त्याच्या हातातले दोन सूर धुनेतून गायबच.

मावशींनी डोळे मोठे केले. "म्हंजे एक बाई नाई आली त गान्याचा दातच पडला!"

आणि मग, मला जे नको होतं तेच झालं. मावशी थांबल्या, माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "आपलं बी तसंच झालं होतं ना जी, नवरात्रात?"

ती गोष्ट मावशी काही मला विसरू देत नाहीत. आमच्या महिला भजनी मंडळाची वही माझ्याकडे. वहीत चौदा नावं. चौदा धरूनच मी भजन निवडलं. एक पुढे म्हणणार, एक पेटीवर, एक ढोलकीवर, उरलेल्या अकरा जणींचे दोन गट. एका गटानं झील ओढायची, ती खाली पडायच्या आत दुसऱ्यानं उचलायची. तालमीत असं काही उठायचं ते भजन, की पलीकडच्या गल्लीतले काकाजी सायकल थांबवून ऐकत. नवमीच्या संध्याकाळी कार्यक्रम. पण आभाळ भरून आलेलं आणि सोयाबीन सोंगणीला आलेलं. ज्यांची शेती सेलूकडे, देवळीकडे, त्या सकाळीच गावी गेलेल्या. एकीकडे पाहुणे, दोघींचा घसा बसलेला, एकीचा मोबाइल बंद. सतरंजीवर आम्ही पाच. त्यातली एक पेटीवर, एक ढोलकीवर. गायला उरलो तिघी. पुढे मी म्हटलं, उरलेल्या दोघींपैकी एकीनं झील ओढली. दुसरीनं ती उचलायची होती, पण ती चष्मा विसरली होती आणि वही लांब धरून पाठ शोधत होती. ढोलकीवाली बिचारी रिकामा ठेका वाजवत राहिली. चार आवर्तनं. समोरच्या एक आजीबाई म्हणाल्या, "बाई, प्रसाद वाटून घ्या आता."

चूक त्या सोयाबीनची नव्हती. चूक माझी. मी भजन यादीसाठी निवडलं होतं, सतरंजीसाठी नाही.

तेव्हापासून मी एक पाहून ठेवलं आहे. माणसं कमी पडली की आवाज कमी पडतो असं सगळ्यांना वाटतं. आवाजाचं काही नाही, पेटीचा भाता जरा जास्त दाबला की भागतं. कमी पडतो तो श्वास. बारा जणी गात असतील तर कोणी इथं श्वास घेते, कोणी तिथं, चाल कुठं तुटत नाही. तिघी गात असतील आणि दोघींनी एकदमच श्वास घेतला की तिथं खड्डा. घंटावाल्या पोरीसारखंच, सूर होता होता नाहीसा. म्हणून तिघी-चौघी असल्या की मी मोठा अभंग काढते. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. तो चौथा आखूड चरण आहे ना, ती मला वाटतं संतांनी आमच्यासारख्या दम लागणाऱ्यांचीच सोय केली आहे. चार अक्षरं म्हणायची आणि निवांत श्वास घ्यायचा. ओवीचंही तसंच, शेवटचा चरण तोकडा. ओवीला तर मुळात दोघीच लागत. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात, एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं पुढे न्यायची, आणि ठेका जात्याच्या घरघरीचा. मावशींना अजून शे-दीडशे ओव्या पाठ आहेत. म्हणायला लावलं तर म्हणतात, "जातं कुठी आहे वं आता? मिक्सरवर म्हनू का?"

सहा-सात जणी असल्या की मात्र गौळण. तिला ढोलकी हवी, थोडा खट्याळपणा हवा आणि खट्याळपणा तिघींना लाज आणतो. पन्नास जणींत तो हरवतो. सहा-सात म्हणजे अगदी बरोबर.

पुरुष मंडळी मध्ये आली की आणखी एक भानगड, पट्टीची. आमची काळी चार, त्यांची काळी एक. काळी एकला आम्ही विहिरीत, काळी चारला ते झाडावर. मग कुणीतरी शहाणा मधली पट्टी काढतो आणि दोघांनाही निम्मं-निम्मं अवघड करून ठेवतो. माझं मत असं की मिसळ मंडळी असली तर गाणं अदलाबदलीनं घ्यावं. एक त्यांच्या पट्टीत, एक आमच्या, आणि पेटीवालीला मध्ये एक कप चहा.

काकड आरतीचा हिशेब तर आणखी वेगळा. कोजागरी झाली की देवळात पहाटेची काकड आरती लागते, ती कार्तिक पौर्णिमेपर्यंत. पहिल्या दिवशी पंचवीस-तीस माणसं, नव्या शाली, कोरे टाळ. आठव्या दिवशी पुजारी, दोन म्हातारे आणि आमच्या मावशी. आरती ठरवणाऱ्यानं पहिल्या दिवसाकडे पाहून ठरवू नये, आठव्याकडे पाहावं. पहाटे साडेचारला घसा उघडलेला नसतो. तेव्हा खालच्या सुरातली, संथ चालीची भूपाळीच हवी. वरच्या पट्टीत उडी मारणारी चाल त्या वेळी घेतली की पहिले कुत्रे साथ देतात.

"आता मोठ्या जमावाचं सांग ना," मावशी म्हणाल्या. म्हणजे अजून एक फजिती. त्यांना माझ्या फजित्यांची वहीच करायला द्यावी.

एका मोठ्या कार्यक्रमात सहा मंडळांना एकत्र बसवलं होतं. सत्तर बायका, सत्तर टाळजोड. कोणी पंढरपूरहून आणलेले, कोणी इथल्याच बाजारातले, कोणाच्या सासूबाईंच्या काळचे. प्रत्येक जोडीचा सूर निराळा. भजन सुरू झालं आणि दोन मिनिटांत शब्द कुठल्या कुठे. नुसता भांड्यांच्या दुकानात ट्रक शिरल्याचा आवाज. वरून गंमत अशी की मागच्या रांगा सारख्या मागे पडत होत्या. पुढून त्यांच्याकडे हातवारे, "लवकर, लवकर!" त्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. नंतर माझ्या भाच्यानं समजावलं (तो विज्ञान शिकवतो, त्याला सगळं समजावायची हौस): आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंडपाच्या त्या टोकाला 34 मीटरवर बसलेल्या बाईला पुढचा ठेका सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं उशिरा पोहोचतो. ती ऐकून टाळ मारते, तिचा टाळ परत पुढे यायला आणखी तेवढाच. धावत्या लयीत तेवढ्यात अर्धी मात्रा निघून जाते. म्हणजे मागच्या बायका आळशी नव्हत्या. लय धावती होती आणि मंडप लांब होता.

हे वारकऱ्यांना भाच्याच्या आधी कितीतरी कळलेलं. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा लाखो माणसं एक अभंग एका ठेक्यात म्हणत नाहीत. दिंड्या असतात. रथापुढे 27, मागे कितीतरी जास्त. प्रत्येक दिंडीला आपला विणेकरी, आपला मृदंग, आपले टाळकरी. जेवढ्या अंतरात मृदंग बरोबर ऐकू येतो तेवढीच माणसं एका दिंडीत चालतात, आणि एवढा मोठा सोहळा कुठे बेताल होत नाही. आपल्या सेलू तालुक्यातल्या घोराडला केजाजी महाराजांच्या उत्सवात जाऊन पाहा, तिथंही तेच. मोठ्या जमावाला मोठं गाणं लागतं, ही आयोजकांची खोड. मोठ्या जमावाला लहान गाणं लागतं. आठ-आठ अक्षरांचा लहान अभंग, पोराबाळांना येणारी चाल, आखूड ध्रुवपद आणि टाळ फक्त पुढच्या दोन रांगांत. ज्यांना टाळ हवेच असतील त्यांना टाळ्या आहेत की.

टाळच नको असतील तर सेवाग्राम. आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसा, मोकळ्या जागेत, झाडाखाली. ठेका नाही, साज नाही. गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक सगळे एका सुरात म्हणतात. आठ माणसं असली तरी ते पुरतं आणि बाहेरून दोन बसगाड्या आल्या तरी पुरतं. गांधीजींच्या प्रार्थनेची भजनं निवडून त्यांना सूर लावून देणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे. ते विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे कसलेले गवई. एवढ्या तयारीच्या माणसानं सोप्या चाली दिल्या, कारण सतरंजीवर कोण बसणार ते त्यांना माहीत होतं. गीताईही तशीच. विनोबांची गीताई एकटीनं देवघरात म्हणावी, दहा जणींनी म्हणावी, शाळेच्या अख्ख्या पटांगणानं म्हणावी, कुठंच तोकडी पडत नाही आणि कुठंच ओसंडत नाही. तालात बसवायला गेलं की मात्र बिघडते. मी एकदा बसवली होती. मावशींना ते माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

"अन् एकटीच असली त?" मावशींनी विचारलं.

याचं उत्तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांचं माहेर आर्वीकडचं. तिकडे घराघरात खुंटीला खंजिरी. तुकडोजी महाराजांची माणसं सगळी. एवढीशी लाकडी कडी, एका बाजूला चामडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या बोटांनी वाजवायची. ठेका तिच्यातच, झांज तिच्यातच आणि गाणाऱ्याचं तोंड मोकळं. म्हणजे एका माणसाचं पूर्ण मंडळ. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं, तेव्हा चुलीजवळ धरून शेकायची. आता फायबरच्या मिळतात, त्यांना शेकावं लागत नाही, पण मावशींच्या मते त्या "डब्ब्यावानी" वाजतात. मावशींची माय सांगायची, महाराजांच्या भजनाला गर्दी एवढी की मागच्या माणसाला शब्द आला नाही तरी खंजिरीचा ठोका यायचा, आणि शब्द त्याला आधीच पाठ असायचा.

1936 मध्ये गांधीजींनी बोलावलं म्हणून महाराज आपल्या सेवाग्रामला जवळजवळ महिनाभर राहिले होते. गावाचं नाव तेव्हा शेगावच. 1942 च्या ऑगस्टमध्ये आपली आष्टी पेटली, तिकडे चिमूर पेटलं, आणि इंग्रज सरकारनं महाराजांना धरून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बंदूक नाही, तलवार नाही, हातात खंजिरी. सरकारला माणसं मोजता येत होती म्हणायचं.

"मंग तुझ्या त्या हिशेबानं," मावशी शेंगा मोडत म्हणाल्या, "सगळ्यात जास्त मानसं जमली त काय म्हनाव?"

मी म्हटलं, नामजप.

"नाई. मोझरीले चाल एकदा मायासंगं."

महाराज गेले ते 11 ऑक्टोबर 1968 ला, गुरुकुंज मोझरीलाच, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. दरवर्षी तिथीला, अश्विन वद्य पंचमीला, गावोगावच्या पालख्या तिथं पोहोचतात. दिवसभर भजनं चालू असतात, खंजिऱ्या, ढोलक्या, भोंगे, खेळणीवाल्यांच्या पिपाण्या. मावशी सांगतात, पाच वाजायला दोन मिनिटं उरली की हे सगळं थांबतं. लाखो माणसं जागच्या जागी उभी. लहान पोर रडलं तर तेवढंच ऐकू येतं. त्या गर्दीत बेसूर व्हायला कोणाला जागाच नाही.

एवढं बोलून मावशींनी नाक फेंदारलं. "तुयं दूध गेलं वं."

गेलंच होतं. पातेलं घासता घासता मी नातीला निरोप टाकला, चार जणींत वाजवता येईल अशी घंटांची एखादी धून असते का म्हणून. ती म्हणाली, असते, आठ घंटांची. चौघींच्या आठ हातांत आठ. आणि चौघींपैकी एक गळाली तर? "मग त्या दिवशी कॉफी प्यायची, आजीला सांगा."

तर लेआउटमधल्या सगळ्या बहिणींना कळवते. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कोपऱ्यावरच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं भजन आपल्याकडे आहे. चहा आणि गोरसपाक यजमानांकडून. कोण नक्की येणार ते शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा. "पाहते", "जमलं तर", "हे काय म्हणतात ते विचारते" असं सांगणाऱ्या मी नाहीत धरणार. सहा किंवा वर निघाल्या तर गौळण बसवते, सहाच्या आत असल्या तर मोठे अभंग. टाळ कोणीही आणू नका, माझ्याकडे एका सुराच्या तीन जोड्या आहेत. चष्मे मात्र आणा.